चादरीचं दुसरं टोक

थोरली : नाही म्हणायच्या आधी टोक हातात तर घे.

धाकटी : घेणार नाही. ताई, तू सख्खी बहीण म्हणून एवढं तरी ऐकून घेतलं. दुसरी कुणी असती तर चादर तिच्या डोक्यावर टाकून निघून गेले असते.

थोरली : टाक की, पण घडी घालून टाक. अख्ख्या इस्पितळाच्या चादरी ड्रायरमधून निघून टेबलावर पडल्यात आणि तू कमरेवर हात ठेवून उभी.

धाकटी : मग तूच घाल ना या नवीबरोबर. इतके दिवस घालतेसच.

थोरली : खांदा वर जात नाही माझा. उद्यापासून मी बसून इस्त्रीवर. आणि साहेब काय म्हणाले ते तूही ऐकलंस. जिला जोडीदार नाही तिने उद्यापासून यायचं नाही. डोंगरापलीकडून आलेल्या सगळ्या बायकांत ही एक उरलीय. बाकीच्यांना तुम्ही मिळून पळवून लावलंत.

धाकटी : आम्ही? ओल्या फरशीवर चादरी कोण टाकत होतं? आपण ओढली की यांच्या हातातून सुटलीच. मग पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा. मुद्दाम करायच्या.

नवी : मुद्दाम नाही, ताई.

धाकटी : मला ताई म्हणू नकोस.

नवी : बरं.

थोरली : मग काय म्हणू दे तिला, महाराणी?

धाकटी : थट्टा नको. माझ्या पोराच्या कपाळाला टाके पडलेत. दगड जरासा खाली लागला असता तर डोळा गेला असता त्याचा. इस्पितळाच्या फाटकाबाहेर दगड मारणारी पोरं हिच्याच वस्तीतली होती. मला राग आहे, आणि तो राहणार.

थोरली : राहू दे. राग धरूनही घडी घालता येते. पण ते भांडण सुरू कुठून झालं? ह्याच टेबलावरून. त्या मुद्दाम चादरी पाडतात, आम्हाला दोनदा राबवतात, असं तू घरी जाऊन सांगितलंस. पोरांनी तेच कानात भरून घेतलं.

धाकटी : म्हणजे माझ्या पोराचं डोकं मीच फोडलं?

थोरली : तसं म्हणाले का मी? तुझा समज चुकीचा होता, एवढंच म्हणते. माझाही तोच होता. हिचं गाणं शिकले तेव्हा कळलं.

धाकटी : गाणं! साहेबांनी इथे घडी घालतानाची गाणी बंद केलीत, माहितीय ना?

थोरली : भांडणं थांबावीत म्हणून केली बंद. थांबली का? नाही ना? मग मी गाणार. काढायचं तर खुशाल काढू देत मला, अर्धी तर मी निकामी झालेच आहे. आता सांग, आपण कसं गातो? तू विचारतेस, मी उत्तर देते, आणि शेवटचा शब्द पडला की दोघी ओढतो. बरोबर?

धाकटी : सगळं जग तसंच ओढतं.

थोरली : जग नाही, आपण. सांग गं हिला, तुमच्याकडचं.

नवी : आमच्या गावात मध्ये दरी आहे. गवत या अंगाला, गोठे त्या अंगाला. मध्ये दोर. गवताचा भारा दोराला अडकवायचा आणि दोन्हीकडच्या बायकांनी दोर एकदम ताणायचा, तरच भारा सरकतो. इकडची गाते, ‘पलीकडे कोण गं उभी?’ मग थांबायचं.

धाकटी : कशाला?

नवी : दरीतून आपलाच आवाज परत येतो. तो पुरता विरू द्यायचा. मग पलीकडची म्हणते, ‘मी उभी, धर.’ ते ऐकलं, की दम घ्यायचा आणि ओढायचं. घाई केली की भारा गेलाच खाली. लहानपणापासून हाताला तीच सवय. तुम्ही शब्दाबरोबर ओढता, तेव्हा माझा हात अजून थांबलेला असतो.

धाकटी : मग हे तेव्हाच सांगायचंस ना!

नवी : मलाच कुठे माहीत होतं? आम्हाला वाटायचं, तुम्ही मुद्दाम हिसकावता.

थोरली : घ्या! त्या मुद्दाम सोडतात आणि आपण मुद्दाम हिसकावतो. आणि मधल्या मध्ये चादरी बिचाऱ्या फरशीवर.

धाकटी : हसू नकोस, ताई. मला हिला एक विचारायचंय. तुझा भाऊ त्या दिवशी फाटकापाशी होता ना?

नवी : होता.

धाकटी : दगड त्याने मारला?

थोरली : अगं, हे आत्ता कशाला...

धाकटी : तू मध्ये पडू नकोस. तिला विचारलंय मी.

नवी : तो नाही म्हणतो. पण माझ्याकडे न बघता म्हणतो. त्याने मारलाच नाही, असं छातीठोकपणे मला सांगता येणार नाही.

थोरली : बाई गं, काम टिकवायचंय ना तुला?

नवी : टिकवायचंय, मावशी. पण खोटं बोलून टिकवलं तर रोज यांच्यासमोर उभी कशी राहू?

थोरली : आता तू बोल.

धाकटी : काय बोलू? माझा भाऊ गुणाचा पुतळा, असं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी सरळ निघून गेले असते.

थोरली : मग?

धाकटी : मग काय मग! आण ते टोक इकडे. एक चादर. एकच. आणि तुझ्या भाषेतलं मला जमणार नाही, आधीच सांगते.

नवी : तुमच्या भाषेत म्हणा. आमच्याकडेही दरीच्या दोन अंगांना बोली वेगळ्या आहेत. थांबायचं तेवढं सारखं.

थोरली : मी टेबलावर ठेका धरते. डावा हात अजून शाबूत आहे.

नवी : पलीकडे कोण गं उभी?

धाकटी : मी उ...

नवी : नाही, अजून नाही.

धाकटी : इथे कुठली आलीय दरी? काय परत यायची वाट बघू?

थोरली : आहे असं समज. सासरी काय काय समजून घेतलंस, त्यापुढे दरी म्हणजे काहीच नाही.

नवी : पलीकडे कोण गं उभी?

धाकटी : मी उभी, धर.

(चादर एका झटक्यात ताणली जाते.)

थोरली : सुटली नाही! बघ, सुटली नाही!

धाकटी : दिसतंय मला. ओरडू नकोस, साहेब येतील.

थोरली : येऊ देत. आले तर एक टोक त्यांच्याही हातात देते.

नवी : वारा कुणीकडून गं आला?

धाकटी : याला काय म्हणायचं?

नवी : ‘तुझ्याकडून, धर.’

धाकटी : तुझ्याकडून, धर. लवकर झालं का?

नवी : थोडं.

धाकटी : मग पुन्हा म्हण. अर्धवट काही आवडत नाही मला.

थोरली : एकच चादर म्हणाली होतीस. निम्मा ढीग उरकला.

धाकटी : तू तुझ्या उद्याच्या इस्त्रीचं बघ. आणि जाता जाता साहेबांना सांग, हिची जोडी लागली.

थोरली : सांगते. आणि गाण्याचं?

धाकटी : तेही सांग. गाणं बंद, तर घड्या बंद. माझं नाव घेऊन सांग. आणि तू ऐक गं. दोन ओळी म्हटल्या म्हणून माझा राग गेला, असं समजू नकोस.

नवी : नाही समजत.

धाकटी : आज घरी गेलीस की भावाला समोर बसव आणि डोळ्यांत बघून विचार. जे असेल ते उद्या तूच मला सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही मला.

नवी : आणि त्यानेच मारला असेल तर?

धाकटी : तर मी तुला खूप बोलेन. रडेनही बहुतेक.

नवी : आणि मग?

धाकटी : मग काय, घड्या घालायच्या थांबतात थोड्याच? ह्या टोकाला मीच असणार आहे.