दुसरा नंबर रिकामा

ब्रह्मपुरीच्या दातांच्या दवाखान्यात कमळाबाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारी लग्नाच्या बँडमधले दोघे म्हातारे होते, क्लॅरिनेटवाले धनराज आणि पितळी ट्रॉम्बोन फुंकणारे कय्यूमभाऊ. कय्यूमभाऊंचे पुढचे दात पडले होते आणि आज नवी कवळी बसणार होती. तोवर धनराजच्या मोबाइलवर जुनं अमेरिकन जॅझ वाजत होतं.

"हा जे. जे. जॉन्सन. पाह्य कसा भरभर ट्रॉम्बोन वाजवते!" धनराज म्हणाले.

"मशीनवर शिवण मारल्यावानी. पण थो श्वास कुठी घेते?"

"मंग हा आयक. जॅक टीगार्डन."

कय्यूमभाऊ गाणं संपेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिले.

"काऊन गप झाला गा?"

"याले घाई नाई. नवरी सासरी निघाली का मी असाच वाजवत होतो."

"होतो नको म्हणू. ट्रॉम्बोनात पयला नंबर कोनाले?"

"टीगार्डनले."

"अन् दुसरा? जॉन्सनले?"

"थांब गा. कवळी बसली अन् फुंकच नाई निघाली तं?"

"कय्यूमभाऊ, या आत!" डॉक्टरीणबाईंनी हाक दिली.

अर्ध्या तासाने ते बाहेर आले. ओठ घट्ट मिटून त्यांनी ट्रॉम्बोनशिवायच फुंकर मारली. पहिल्यांदा नुसती हवाच गेली. दुसऱ्यांदा ओठ थरथरले आणि एक लांब, जाड सूर दवाखानाभर घुमला. कमळाबाईंचा गालावरचा हात आपोआप खाली आला.

"धनराज, टीगार्डन पयलाच राहू दे."

"अन् दुसरा जॉन्सन ना?"

"नाई. दुसरा नंबर रिकामा ठेव. लग्नसराई येऊन राह्यली."