हात सैल सोडा

सून : परत ओढलात.

सासरा : कुठं ओढलं? नुसता दोरा सरळ केला.

सून : बाबा, हा पट्टा टेबलावर ताठ उभा राहतोय बघा. गळ्यात घालायचाय हा, कुंपणाला नाही लावायचा.

सासरा : उभा राहतो म्हणजे मजबूत आहे.

सून : मजबूत नकोय कुणाला. मण्यांची जाळी आहे ही, गळ्यावर अंगासरशी बसली पाहिजे. मण्यातून सुई काढली, दोरा आला, की हात थांबवायचा. तुम्ही वर आणखी एक हिसका देता.

सासरा : तो हिसका म्हणजे माझी सही आहे, सूनबाई. अख्खा जन्म सोनाराच्या पायरीवर बसून लोकांच्या माळा गाठवल्या. मणी, गाठ. मणी, गाठ. एक माळ परत आली नाही. एका बाईची नवऱ्यानं भांडणात ओढली, दोरा तुटला. मोती किती पडले? एक. बाकीचे जागच्या जागी. नवराच वरमला, म्हणाला, कुणी गाठवलीय ही?

सून : आणि आता ह्या जाळीत मला गाठी दिसतायत त्या?

सासरा : कुठं?

सून : ही. ही एक. आणि ही.

सासरा : त्या... सवयीनं पडल्या असतील.

सून : उसवा.

सासरा : सगळं?

सून : पहिल्या गाठीपर्यंत. मीच उसवलं असतं. पण आता अंगठ्यात सुई घुसली तरी मला कळत नाही. काल मण्यांवर रक्त दिसलं, तेव्हा समजलं.

सासरा : बघू हात.

सून : बघून काय करणार? डॉक्टरांनी बघितला. परवा मनगटाला चीर देणार, आणि मग कितीतरी दिवस सुई हातात धरायची नाही.

सासरा : पुढं ढकल की ऑपरेशन.

सून : ढकललंच होतं. आता म्हणतात, आणखी थांबलात तर हात कायमचा जाईल. कारखान्यातल्या ताई संध्याकाळी नमुना बघायला येतायत. तुमचा हात त्यांच्या पसंतीला उतरला, तर काम ह्या घरात येत राहील. नाहीतर माझी जागा दुसरीला. एकदा गेली की गेली.

सासरा : तुझ्या नवऱ्याला कळवलंस?

सून : कळवलं.

सासरा : काय म्हणाला?

सून : उसवा बाबा. उजेड आहे तोवर.

सासरा : माझी लाकडं गेली मसणात, आणि तू मला जाळी शिकवतेस.

सून : तोंड बंद, हात चालू. ह्या ओळीतला मधला मणी दिसतोय ना, वर आलेला? तीन मणी घ्या सुईवर, मग सुई त्या मधल्यात. पुन्हा तीन, पुन्हा पुढचा मधला. आणि बोलू नका. लक्ष द्या.

(बराच वेळ ताटातल्या मण्यांचा तेवढा आवाज.)

सासरा : झाली एक ओळ.

सून : आणा. ...काठी. पुन्हा काठीच झाली, बाबा.

सासरा : मग काय, बोटं कापून देऊ? सकाळपासून बसलोय तुझ्यासमोर शाळकरी पोरासारखा. मुतायला उठलो तर तू घड्याळ बघतेस.

सून : राहू दे. माझाच जीव आता थाऱ्यावर नाही. जरा भिंतीला टेकते.

सासरा : टेक. मी ओवत बसतो आपला. ...तुला पोपटाचं सांगितलं होतं का मी?

सून : सांगितलंय.

सासरा : मोती गिळला होता, तो पोपट.

सून : तोच. सांगा.

सासरा : एक आजीबाई आली माळ गाठवायला. काखेत पिंजरा. म्हणे, हा घरी एकटा राहत नाही, शिव्या देतो. मी मोती फडक्यावर मांडले. पिंजऱ्याचं दार कसं सुटलं, देव जाणे. आला ऐटीत, एक मोती उचलला, गट्ट! सोनार धावत बाहेर. म्हणतो, चिरा त्याला. आजीबाई म्हणते, आधी मला चिरा. मी म्हटलं, कुणी कुणाला चिरू नका. पिंजऱ्याखाली कागद अंथरला आणि बसलो. गिऱ्हाईक येतंय, विचारतंय, काय चाललंय? म्हटलं, मोती यायचाय. वरच्या मजल्यावरून.

सून : मग?

सासरा : सोनार तासातासाला येऊन पोपटाला विचारतोय, काय रे, झालं का? आणि पोपट त्याला अशी शिवी देतोय, की मीही लाजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कृपा झाली. धुतला, पुसला, माळेत मधोमध ओवला. आजीबाई म्हणाली, हाच सगळ्यात जास्त चमकतो.

सून : थांबा.

सासरा : काय झालं? ओढलं का परत?

सून : पट्टा वर धरा. असा बोटावर टाका. बघा... जाळी कशी वाकतेय. ह्या शेवटच्या ओळी बघा. पोपटापासूनच्या.

सासरा : मी तर हाताकडं बघितलंसुद्धा नाही.

सून : तेच तर. आणि मी सकाळपासून तुम्हाला गप्प बसवतेय. बोला, बाबा. काहीही बोला, पण थांबू नका.

सासरा : हुकूम सोडल्यावर कसं बोलणार? माणूस काय नळ आहे?

सून : ह्यांचं सांगा. लहानपणीचं.

सासरा : लहानपणी... बरा होता.

सून : घट्ट झाली.

सासरा : झाली. तो विषय नको.

सून : नको. सासूबाईंनी तुम्हाला कसं काय पसंत केलं, ते सांगा.

सासरा : तिला लांबचं दिसत नव्हतं. मी लांब बसलो होतो.

सून : काहीतरीच!

सासरा : खरंच. लग्नानंतर चष्मा लागला. मग महिनाभर नुसती बघत राहायची माझ्याकडं. एकदा विचारलं, काय बघतेस? म्हणाली, काही नाही, चष्म्याचा नंबर चुकला का ते बघते.

ताई : हसण्याचा आवाज खालपर्यंत येतोय. येऊ का?

सून : या ना ताई, या. बाबा, ह्या कारखान्यातल्या ताई. जरा सरका.

ताई : सरकू नका, सरकू नका. तुमचे जिने चढून माझाच दम गेलाय. पाणी दे आधी. हं, नमुना कुठाय? ...अगं, अर्धा सुंभ, अर्धं रेशीम. दोघांनी मिळून केलंय का?

सासरा : एकट्यानं. मीच.

ताई : मग असं कसं, आजोबा?

सून : गप्प असतात तेव्हा तसं होतं. बोलतात तेव्हा असं.

ताई : आमच्याकडं कामाच्या वेळी बोलायला बंदी आहे. बायकांचे मणी मोजताना चुकतात.

सासरा : मग तुमचे पट्टे उभे राहत असतील.

सून : बाबा!

ताई : राहतात, काही काही. परत येतात, मग मी शिव्या खाते. आजोबा, तुम्ही घरीच बसा. खुशाल बोला. ही ताठ बाजू उसवा, सगळा पट्टा ह्या रेशमासारखा करा आणि उद्या पाठवा. आणि तू गं, तू हात कापून घे एकदाचा. जागा तुझीच राहील. सुई कुणीही चालवेना का.

सून : ताई...

ताई : आता रडू नकोस, मला अजून दोन घरं चढायचीत.

सासरा : गेली. बाई फटकळ आहे, पण बरी आहे. ...काय गं? रडतेस?

सून : डोळे चुरचुरतात नुसते.

सासरा : हं. तू दवाखान्यात पडलीस, तर मी बोलू कुणाशी?

सून : शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, दुपारी येऊन बसतील. त्यांना कमी ऐकू येतं. कितीदाही सांगा, सगळं नवीनच.

सासरा : फार शहाणी आहेस. ...दोरा संपला बघ. एवढी बारीक सुई, तिचं भोक कुठाय ते मला काही दिसत नाही.

सून : आणा. डाव्या हातानं ओवते. जायच्या आधी सगळ्याच ओवून ठेवते, उशीला टोचून. तुमची खोटी नको व्हायला.

सासरा : ठेव.

सून : किती ओवू?

सासरा : तू परत येशील तोवर पुरतील एवढ्या.