शेवटच्या दिवसाचा दर

मी मूळची वर्ध्याकडची, लग्न होऊन कात्रजला आले आणि ज्यांची मुलं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी परदेशी गेली त्यांच्या आईवडिलांना सांभाळायच्या कामाला लागले. दुपारभर बसायचं, पंखा फिरतोय, आजी झोपल्यात, आपल्या डोळ्यांपुढे गाव तरंगतंय, काय सांगू तुम्हाला, बारा वर्षं अशी झोपेत चालल्यासारखी गेली. मग गुडघे गेले, तेव्हा घरोघरी अशा बायका पुरवणाऱ्या आमच्या ब्यूरोच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, मला नारायण पेठेतल्या ऑफिसात बसवलं.

पुढे तिथल्या हिशोबाच्या वह्या जाऊन सॉफ्टवेअर आलं. त्याला सगळं आधी सांगून ठेवायचं, घरच्यांकडून बारा तासांचे किती घ्यायचे, त्यातून बाईला किती द्यायचे, दिवाळीला किती. ते भरायचं काम माझ्याकडे. दर टाकता टाकता मला ती घरंच दिसायची, कुणाच्या खिडकीत मोगरा, कोण आजोबा बिस्कीट चहात बुडवून हातात तसंच धरून ठेवायचे, आणि माझं बोटही तसंच राहायचं. मॅडम म्हणायच्या, शालूताई, आलात का परत?

आमच्याकडे रीत आहे, पेशंट गेला त्या दिवसाचं बिल लावायचं नाही. मॅडम म्हणतात, गेलेल्या माणसाचे तास मोजायला आपण काय रिक्षा चालवतो? म्हणून मी त्या दिवसाचा दर शून्य टाकला. पण बाईचा पगार बिलातूनच काढायचा, हेही मीच भरलेलं. वहीत मी तिचा पूर्ण दिवस हाताने लिहायची, इथे ते सुचलंच नाही.

आणि एक दिवस आमच्या ब्यूरोतली कमल आली. ती बिबवेवाडीला एका काकांजवळ तीन वर्षं होती. काका सकाळी गेले, मुलगा विमानात, तर हिनेच त्यांची दाढी केली, धोतर नेसवलं, तो संध्याकाळी येईपर्यंत जागची हलली नाही. त्या दिवसापुढे शून्य असलेला पगाराचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ताई, त्या दिवशी मी तिथे नव्हते का? मी म्हटलं, अगं, ते कॉम्प्युटरने केलं. ती म्हणाली, कॉम्प्युटरला कोण सांगतं? द्या माझे कागद, जाते दुसऱ्या ब्यूरोत.

मी तिला बसवलं आणि सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मॅम, बिल झिरो आणि पगार फुल? लॉस होईल. मी म्हटलं, होऊ द्या, तुमच्या खिशातून जात नाहीये. तेव्हा त्याने सांगितलं, त्या दिवसाचा पगार बिलाऐवजी हजेरीला जोडा. मॅडमना विचारलं, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, वहीत लिहिताना विचारत होतात का?

नवा कागद कमलने बोट ठेवून वाचला, हजर, पूर्ण दिवस. घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, मग उद्या कुठे जाऊ?

आता ती धनकवडीला एका आजींकडे असते. आजींना उदंड आयुष्य मिळो आणि मी भरलेला तो नियम कितीतरी वर्षं तसाच पडून राहो.