पनवेल स्टेशनवरची व्हीलचेअर

तुम्ही हसाल, पण सांगतो. बायको गेल्यापासून सासूबाई माझ्याकडेच असतात. परवा आम्ही दोघं त्यांच्या भाचीच्या हळदीला चिपळूणला निघालो. पनवेल स्टेशनवर मी त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागवली, तर त्या बसेचनात.

"मी काय आजारी हाय? पिशव्या ठेवा तुमी त्याच्यावर."

गाडी सुटायच्या बेतात आणि आमचा डबा पार पुढच्या टोकाला. पळता पळता माझाच पाय मुरगळला. मग पिशव्या मांडीवर घेऊन खुर्चीत मी बसलो, हमाल ढकलत होता आणि सासूबाई पुढे धावत होत्या, "सरका, पेशंट हाय."

गाडी मिळाली. समोरच्या बाईंनी विचारलं, "मुलगा का तुमचा?"

"जावई हाय," सासूबाई म्हणाल्या. "लेकीनं माझ्या भरवशावर ठेवलाय."