तेल कशात घातले?

नाव : शरदचंद्र बाळकृष्ण हिंगमिरे. वय : ६१ वर्षे. धंदा : सेवानिवृत्त, पूर्वी आवडी येथे संरक्षण खात्याच्या रणगाडा कारखान्यात इंजिन चाचणी विभागात चार्जमन, नोकरी चौतीस वर्षे. राहणार : पहिला मजला, अड्यार, चेन्नई. दिनांक १४ जुलै २००९, दुपारी ३ वाजून १० मिनिटे.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, हा जबाब घेणाऱ्या आणि पुढे वाचणाऱ्या सर्व पोलीस अंमलदारांना एक दुःख माझ्याइतकेच ठाऊक आहे. या ठाण्याची जीप तीन आठवडे एका कार्यशाळेत विटांवर उभी आहे आणि रोज ‘नाळैक्कु’, म्हणजे उद्या, एवढेच उत्तर मिळते, असे हेड कॉन्स्टेबल मानाजी राव यांनी मला चहा देताना सांगितले. ज्यांना गाडीतला बिघाड सापडत नाही ते ‘उद्या’ म्हणतात. उद्या म्हणून भागेनासे झाले की ते माणूस शोधतात. या प्रकरणात त्यांनी रंगा राव या ड्रायव्हरला शोधले आहे. तो काल सकाळपासून या ठाण्याच्या दाराजवळच्या बाकावर बसलेला आहे.

मला तमिळ बोलता येते, लिहिलेले वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही. म्हणून हा जबाब मी मराठीत सांगत आहे. मानाजी राव हे तंजावरकडचे मराठी असून त्यांनी तो देवनागरीत लिहून घेतला आहे. तमिळ भाषांतर सोबत जोडावे. मात्र ‘तेल’ या शब्दाचे भाषांतर मला विचारून करावे. त्याचे कारण पुढे येईल.

रंगा राव, वय ४४, राहणार तिरुवल्लिकेणी, हा माझ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे क्षितिज देवस्थळी यांच्या डिझेल गाडीवर दोन वर्षे ड्रायव्हर आहे. गाडी ओरगडमच्या कारखान्यात इंजिनियर लोकांना नेते आणि आणते. जून महिन्याच्या आरंभी इंजिनचे तेल रोज थोडे उणे होते आणि पाण्याच्या टाकीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, तपकिरी साय धरते, असे रंगाने देवस्थळी यांना सांगितले. गाडी गिंडीच्या एका कार्यशाळेत गेली. तिथले सुपरवायझर वेंकटरमण यांनी टाकीत डोकावून पाहिले आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात तेल आणि पाणी वेगळे ठेवणारी पातळ पट्टी, गेली, असा निकाल दिला. त्यासाठी त्यांना अर्धे मिनिट लागले. हेड उतरवून नवी गॅस्केट बसवली, पाणी धुऊन बदलले आणि १५ जूनला गाडी परत दिली.

दिनांक २२ जून रोजी सकाळी सातच्या सुमारास रंगा मला जिन्याखाली भेटला. तो आपल्या घरच्या मराठीत म्हणाला, “सार, तेल परत उणें होतं. खालीं थेंब नाहीं, धूर नाहीं. कुठें जातं तें कळत नाहीं.” मी त्याला सांगितले की रोज सकाळी डिपस्टिक पुसून पाहा, खुणेपर्यंत तेल घाल आणि चार दिवसांनी मला सांग. म्हणजे तेल घालण्याची सूचना माझी आहे. त्या दिवशी गाडी माझ्यापासून पाच पावलांवर होती. मी टाकीचे झाकण उघडून पाहिले नाही.

त्याच संध्याकाळी मी देवस्थळी यांना सांगितले की गाडी पुन्हा तपासून घ्या. ते म्हणाले, “काका, ते तुमच्या रणगाड्यांत होत असेल. आता नवीन गॅस्केट आहे.” मी जिना उतरून माझ्या घरी आलो.

चार दिवसांनी रंगाने विचारले तेव्हा मी ‘घालत राहा, बघू’ असे सांगितले. दिनांक ४ जुलै रोजी वंडलूरच्या पुढे गाडी तापली. रंगाने लगेच इंजिन थांबवले, म्हणून ते जाम झाले नाही. याची नोंद देवस्थळी यांनी या ठाण्यात दिलेल्या तक्रारीत नाही.

गाडी ओढून त्याच कार्यशाळेत नेली, तिथे पाण्यात पुन्हा तेल सापडले. नवी गॅस्केट स्वतः बसवलेली. आता गॅस्केट गेली म्हणावे तर आपले काम वाईट, आणि दुसरे काही गेले म्हणावे तर पहिला निकाल खोटा. वेंकटरमण यांनी तिसरी वाट काढली : पाण्यात कोणीतरी तेल ओतले आहे. ते ऐकून देवस्थळी यांनी ११ जुलैला रंगाला फोन केला आणि विचारले, “तू तेल घातलंस का?” रंगा म्हणाला, “घातलों, सार. रोज घातलों.” यालाच तक्रारीत कबुली म्हटले आहे.

रंगाच्या घरच्या मराठीत तेल म्हणजे तेल. इंजिनचे, दिव्याचे, डोक्याचे, सगळे तेलच. देवस्थळी यांचे तमिळ वाण्याच्या दुकानापुरते आहे. तिथे ते तेलाला ‘एण्णै’ म्हणायला शिकले आणि तक्रार देताना त्यांनी ‘एण्णै’ सांगितले. या शहरातल्या कोणत्याही मेकॅनिकला विचारा. इंजिनात जाते ते ‘ऑइल’. ‘एण्णै’ म्हणजे तिळाचे किंवा नारळाचे, ज्यात अप्पळम, म्हणजे पापड, तळतात. म्हणून ड्रायव्हरने मुद्दाम स्वयंपाकाचे तेल रेडिएटरमध्ये ओतले, अशी गोष्ट तयार झाली. काल ठाण्यात रंगाला ‘ओतलेस का’ एवढेच विचारले. त्याने खरे उत्तर दिले. कोणते तेल आणि कशात, हे दोन प्रश्न शिकलेल्या इतक्या माणसांपैकी एकालाही सुचले नाहीत.

आज सकाळी १० वाजता मी देवस्थळी यांना घेऊन कार्यशाळेत गेलो. टाकीतून उपसलेला गाळ बादलीत होता. वरचा थर काळसर करडा होता आणि बोटावर काजळी आली. वास जळक्या डिझेल इंजिनचा. नारळाच्या तेलाला काजळी नसते, हे सांगायला मी चौतीस वर्षे नोकरी करायला नको होती. मी देवस्थळी यांना वास घ्यायला सांगितले. त्यांनी घेतला आणि रुमालाने नाक पुसले.

वेंकटरमण म्हणाले, “सार, इदु कार. टँक इल्लै.” ही मोटार आहे, रणगाडा नाही, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, “रणगाड्यातसुद्धा तेल कुठे गेले ते आधी शोधतात, वेंकटरमण. ड्रायव्हर कुठे गेला ते नंतर.” तिथले दोघे मेकॅनिक हसले. वेंकटरमण हसले नाहीत.

डिपस्टिक काढून पाहिली. तेल काळे पण निर्भेळ, त्यात पाण्याचा दुधाळपणा नाही. तेल भरण्याच्या झाकणाखालीही साय नाही. म्हणजे पाणी तेलात जात नाही, फक्त तेल पाण्यात जाते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून दोघांमधला पडदा फाटला की तेलच पलीकडे जाते. गॅस्केट फुटलेली असती तर बहुधा पाण्यात बुडबुडे आले असते, धुराच्या नळीतून पांढरा धूर आला असता. हा पडदा दुसऱ्या ठिकाणीही असतो. तेलाच्या फिल्टरमागे तळहाताएवढी चपटी डबी असते, तिला ऑइल कूलर म्हणतात. तिच्यात एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने पाणी फिरते, मध्ये पातळ पत्रा. वेंकटरमण म्हणाले, “ती सीलबंद वस्तू आहे. ती खराब होत नाही.” खराब न होणारी वस्तू मी अजून पाहिलेली नाही.

माझ्या सांगण्यावरून पाण्याच्या सर्व वाटा साबणाने तीनदा धुतल्या, नवे पाणी भरले आणि रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले. वेळ ११ वाजून ४० मिनिटे. बुडबुडे नाहीत. धूर नाही. पाण्यावर काही नाही. पाचव्या मिनिटाला एक काळा थेंब वर आला आणि पसरला. मग दुसरा. ११ वाजून ५० मिनिटांनी सगळ्या पाण्यावर तवंग होता.

मी वेंकटरमण यांना विचारले, “हे कोणी ओतले?” त्यांनी इंजिन बंद करायला सांगितले. त्या वेळी रंगा राव या ठाण्याच्या बाकावर तुम्हा सर्वांच्या नजरेसमोर बसलेला होता.

देवस्थळी मला बाजूला घेऊन म्हणाले, “पण काका, त्यानं कबूल केलंय ना.” मी त्यांना सांगितले की त्याने कबूल केलेले नाही, त्याने तपासणी केली आहे. बाहेर गळत नाही, धूर नाही, आणि इंजिनात घातलेले तेल नाहीसे होते, हे त्याने पहिल्या दिवशी सांगितले होते. ते ज्यांना कळले नाही त्यांच्या छातीवर सुपरवायझरचा बिल्ला आहे, आणि ज्याला कळले तो बाकावर आहे.

निघताना मला तिथल्या कामाच्या टेबलावर एक नवा खोका दिसला. त्यावर या गाडीचा नंबर पेनाने लिहिलेला होता. आत नवा ऑइल कूलर होता. बाहेरून ओतलेल्या एण्णैवर उपाय म्हणून नवा ऑइल कूलर कशासाठी मागवला, असे विचारले असता वेंकटरमण यांनी ‘स्टॉकसाठी’ असे उत्तर दिले. एका मेकॅनिकने हळूच सांगितले की तो आज सहापर्यंत बसवायचा आहे आणि जुना भंगाराच्या गाडीत जायचा आहे.

माझा रंगाशी नातेसंबंध नाही. कार्यशाळेशी वैर नाही. इंजिनात तेल घालणे गुन्हा असेल तर ते घालायला सांगणारा मी आहे. आधी माझे नाव लिहा.

ज्यांची जीप विटांवर आहे अशा सर्व अंमलदारांना माझे सांगणे एवढेच की, आज संध्याकाळी रंगावर गुन्हा नोंदवण्याआधी, सहाच्या आत, तो जुना कूलर पंचांसमक्ष ताब्यात घ्या. तेलाचे एक भोक बंद करा, दुसऱ्यातून हवा भरा आणि तो पाण्याच्या बादलीत बुडवा. बादली मी घरून आणतो. पाण्याच्या बाजूने बुडबुडे आले तर रंगाला घरी सोडा. नाही आले तर मी बाकावर बसतो.

मानाजी राव यांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘घातलों, सार. रोज घातलों’ या ठिकाणी बाकावरून रंगा राव म्हणाला, “इंजनांत, सार. इंजनांत घातलों.” ते माझ्या विनंतीवरून इथे लिहून घेतले आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वेळ ४ वाजून २५ मिनिटे. सही करून मी बादली आणायला जात आहे.

सही : श. बा. हिंगमिरे
समक्ष : मानाजी राव, हेड कॉन्स्टेबल