अब्दुलची बारी

—न्हाई न्हाई, उठू नका पाव्हणं, नुसतं जरा तिकडं सरका, मधी एक जागा ऱ्हाऊ द्या. कुणाची म्हणता? सांगतो की. तुमच्या आई आत्ताच आत गेल्यात, मागनं माझा नंबर. मी कैलास, वलवणचा. माझा दम म्हंजी काय विचारू नका — तरणा असताना धरणाच्या भिंतीवरनं फुंकर मारली की पल्याडच्या काठाचं बगळं उडायचं. डॉक्टरीणबाईंना हेच सांगितलं, तर म्हणाल्या, आता त्या दमाचा नकाशाच काढू. म्हंजी कसं — सीटी स्कॅनच्या मशिनीत निजवत्यात, पोटावर पट्टा बांधत्यात, अन् आपण आपला मोकळा श्वास घेत ऱ्हायचं. पट्टा वर जाईल, खाली येईल, तसतसे फोटू. मग ते जुळवून बगत्यात, फुफ्फुसाचा कुठला तुकडा हवा घेतोय अन् कुठला नुसता पडून हाये. चांगला तुकडा वाचवून छातीतल्या गाठीला किरणांचा शेक द्यायचा. पण श्वास एकसारखा नसला तर नकाशा फाटका निघतो — अन् फाटक्या नकाशावर शेक दिला तर उरलंसुरलं पण जळायचं. म्हंजी काम काय, तर श्वास घ्यायचा. त्येच मला जमंना.

का म्हंजी? भट्टी. आख्खी उमर चिक्कीच्या भट्टीवर गेली — कढईच्या ह्या अंगाला मी, त्या अंगाला अब्दुल. गुळाचा पाक खदखदला की वाफ सरळ नरड्यात. दोघांनी एकदम दम घेतला की दोघांचे हात ढिले पडत्यात, पाक तळाला लागतो. म्हणून बारी लावलेली — त्यानं घ्यायचा, मी धरायचा. मी घ्यायचा, त्यानं धरायचा. घरी जेवताना पण मी मधीच थांबायचो, तर सारिका, माझी बायकू, म्हणायची, कुणाची वाट बगताय? गेल्या उन्हाळ्यात अब्दुल गेला. छातीनंच. उशाशी मी व्हतो. त्यानं सोडला, मी घेतला, मग त्याची बारी आली — अन् मी आपला धरूनच बसलो. मदिनाभाभीनं, त्याच्या बायकूनं, खांदा हलवला तवा सोडला.

मागल्या खेपेला हितं आत निजलो. काचेमागनं ती स्नेहल, मशीन चालवती ती पोर, सारखी म्हणतीया, काका, थांबू नका. मी घेतला, सोडला, थांबलो. सवय हो. बाहेर आलो तर पोरगी पडद्याकडं टक लावून बसलेली. म्हणाली, "काका, तुम्ही थांबला होतात ना? मग मध्ये पट्टा कसा वर गेला?"

हसा, हसा. बगळ्यांचं खोटं, मान्य. हे न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोकला आला असंल, पट्टा सरकला असंल. असंल. पण मी ती रेघ बगितली — माझी उंच, मधली बुटकी, थरथरती. ज्याच्या समोर उभं ऱ्हाऊन उमर काढली, त्याचा श्वास मला वळखू येणार न्हाई व्हय?

आज परत. आज नकाशा नीट आला न्हाई तर शेक लांबला, अन् गाठ काय थांबतीया का कुणासाठी? मधी थांबायचं न्हाई, सारिकानं शपथ घातलीया. बरुबर हाये तिचं. पण मी थांबलोच न्हाई — तर त्यानं घ्यायचा कवा?

त्या बगा, आल्या तुमच्या आई बाहेर. अन् माझं नाव पुकारलं. व्हय बाई, आलो, दोघं बी आलो.

बसवा त्यास्नी हितं, मधल्या जागेवर. रिकामी झाली.