डवरीबाई उभ्या राहिल्या

मंडळी, ऐका. परवा नातीनं मला विचारलं, "आजोबा, स्टँड म्हणजे काय हो?" म्हटलं, "त्यात काय, एसटी थांबते ते." पोरगी हसून लोटपोट. "अहो, क्रियापद आहे ते! उभं राहणं."

मग तिनं मला शिकवलं. पायांवर उभं राहिलं तरी स्टँड, निवडणुकीला उभं राहिलं तरी स्टँड, कुणाच्या पाठीशी उभं राहिलं तरी स्टँड. आपल्या मराठीतही तसंच की! पांडुरंग भक्तासाठी विटेवर उभा आहे म्हणतो, तेव्हा आपण काय नुसते त्याचे पाय मोजतो? मग सांगा – ज्याच्या पायांत बळच नाही, त्याला उभं राहता येतं का?

येतं. मी पाहिलंय.

आमच्या वाघझरीच्या शाळेत इंग्रजीला इंदुमती डवरी नावाच्या बाई होत्या. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय लुळे. भाऊ सायकलवरून आणून खुर्चीत बसवायचा. बसूनच शिकवायच्या, पण आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा ताठ बसे. नेमणूक मात्र हंगामी. दरवर्षी शाळा समितीचे अध्यक्ष बाजीराव इंगवले सही करणार, तेव्हा नोकरी पुढं चालणार.

त्याच शाळेत गजराबाई खिचडी शिजवायच्या. एके दिवशी खिचडी खाऊन बत्तीस पोरांना उलट्या झाल्या. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. देवाची कृपा, सगळी पोरं वाचली. पण गाव पेटलं. चार दिवसांनी शाळेच्या पटांगणात सभा भरली.

इंगवले म्हणाले, "गजराबाईचा हलगर्जीपणा. तिला काढायची आणि पोलिसांत द्यायची. तिच्या बाजूनं कुणी असेल, तर त्यानं उभं राहावं."

मंडळी, दोनशे माणसं. एकही उठेना. गजराबाई खांबाला टेकून, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. वर बघेना.

तेव्हा पुढच्या खुर्चीतून डवरीबाई बोलल्या, "अध्यक्षसाहेब, लिहून घ्या. मी उभी आहे."

इंगवले हसले. "बाई, तुम्ही तर बसलाय."

"पाय बसलेत माझे. मी उभी आहे. त्या सकाळी तेलाच्या डब्याला वास येत होता. गजराबाईंनी तो माझ्यासमोर तुम्हाला दाखवला. तुम्ही म्हणालात, आजचा दिवस भागव, उद्या बदलून देतो. डबा तुमच्या मेहुण्याच्या दुकानातला. मी ऐकलं आणि गप्प राहिले. ती चूक माझी. त्या चुकीची शिक्षाही मला द्या. पण या बाईवर खोटं घालू नका."

"पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचा विचार केलाय का?" इंगवल्यांनी हळूच विचारलं.

"केला," बाई म्हणाल्या. "चार रात्री तेवढाच केला. आता झाला करून."

मग मागून मंगल सुतार उभी राहिली. तिचा पोरगा दोन दिवस सलाईनवर होता, मंडळी. सगळ्यात जास्त राग तिला असायला हवा. ती म्हणाली, "माझ्या लेकराला रोज हिनंच भरवलंय. डबा तपासा आधी." मग तिचा नवरा उठला. मग एकेक करत सारं पटांगण उठलं. इंगवले तेवढे बसलेले.

डबा तपासायला गेला. तेल खराब निघालं. इंगवल्यांना पद सोडावं लागलं, गजराबाई पुन्हा चुलीपाशी आली. इंगवले सही न करताच गेले, म्हणून डवरीबाईंचं नोकरीचं पत्र मात्र वर्षभर अडकलं. त्या वर्षी त्यांनी घराच्या ओट्यावर वर्ग भरवला, आणि ओटा पुरेना म्हणून पोरं रस्त्यावर बसली. आज त्यांची एक विद्यार्थिनी त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्या गावाचं नाव कुणी विचारलं, तर मी मान वर करून सांगतो – डवरीबाईंचं वाघझरी!

आता एक गोष्ट कबूल करतो. त्या सभेत मीही होतो. तिसऱ्या रांगेत. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, दोन्ही पाय धडधाकट. इंगवल्यांनी विचारलं तेव्हा मी जमिनीकडे बघत होतो. उठलो, पण सातवा. सहा जण उठल्यावर.

तुमच्याही गावात अशी सभा भरेल, मंडळी. आजच भरली असेल. खांबाला टेकून कुणीतरी बसलं असेल. तुम्ही उठाल, मला खात्री आहे, चांगली माणसं आहात.

फक्त एवढंच सांगा – कितवे?